आरोग्यवर्धिनीचे आरोग्य

गेल्या पावसाळ्यात डोंगरपट्ट्यातील एका गावच्या आरोग्य उपकेंद्राला आम्ही काही कार्यकर्त्यांनी टाळे ठोकले. टाळे ठोकणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. कारण उघड होते. तापाने फणफणलेल्या मुलाला पाठीशी बांधून एक आई भर पावसात पाच किलोमीटर चालत आली आणि केंद्राचे दार बंद होते. मुलाला जीपने तालुक्याला न्यावे लागले. तो बरा झाला, परंतु लोकांचा राग शमला नाही. आम्ही घोषणा दिल्या, निवेदन दिले आणि दाराला आमचे कुलूप लावून परतलो. स्थानिक वृत्तपत्रात चार ओळीही छापून आल्या.

त्या दिवशी केंद्र बंद का होते, याची चौकशी आम्ही कुलूप लावल्यानंतर केली. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या बाईंना तालुक्याला आढावा बैठकीसाठी बोलावले होते, कारण त्यांच्या केंद्राच्या तपासण्यांचे आकडे संगणकावर कमी दिसत होते. आरोग्यसेविका लसीकरणासाठी दूरच्या वाडीवर गेली होती. आरोग्यसेवकाचे पद कित्येक महिने रिकामे होते. आमच्या आंदोलनाचे फलित इतकेच झाले, की बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि त्या महिन्याचा कामावर आधारित मोबदला कापला गेला. ज्या यंत्रणेविरुद्ध आम्ही कंठशोष केला, तिच्या केसालाही धक्का लागला नाही. आघात झाला तो साखळीतील सर्वांत कमकुवत कडीवर, आणि तो आपल्या हातून झाला.

ही हकिकत केवळ पश्चात्तापापोटी सांगत नाही. ग्रामीण आरोग्याच्या प्रश्नावर आपली भूमिका नेमकी काय असावी, हे ठरवण्याची वेळ आली आहे असे वाटते म्हणून सांगतो. त्या आईचे हित आणि त्या बाईंचे हित परस्परविरोधी आहे, असे समजून आपण वागलो. ते समजणे चुकीचे होते, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम ही कर्मचारी कोण, हे पाहू. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजनेची घोषणा झाली. तिच्या दोन अंगांपैकी विम्याचा गाजावाजा अधिक झाला. दुसरे अंग असे, की देशातील दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे डिसेंबर २०२२ पर्यंत ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ करावयाची. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातील जांगला येथे पहिल्या केंद्राचे उद्घाटन झाले. मराठीत त्यांना ‘आरोग्यवर्धिनी केंद्र’ असे सुरेख नाव मिळाले. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे जुने प्रमाण कायम राहिले. नवे पद आले ते समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे. परिचर्येची किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या तरुण-तरुणींना सहा महिन्यांचे सामुदायिक आरोग्याचे प्रशिक्षण देऊन या पदावर नेमावयाचे, अशी ही रचना.

कल्पना म्हणून ती वाईट नव्हती, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तोपर्यंत उपकेंद्र म्हणजे बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन, एवढीच ओळख होती. आता तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचा रक्तदाब व साखर तपासणे, तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे वेळेत हेरणे, म्हाताऱ्यांची व मनोरुग्णांची दखल घेणे, ही कामे गावाच्या दाराशी आली. ऊसतोडीवरून परतलेल्या मजुराला आपला रक्तदाब वाढला आहे हे पक्षाघाताचा झटका येण्यापूर्वी कळू लागले, तर ती लहान गोष्ट नाही. १९४६ च्या भोर समितीने जे चित्र रेखाटले होते आणि १९७८ साली आल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी ज्याची शपथ घेतली होती, त्याच दिशेचे हे पाऊल होते.

परंतु पाऊल टाकणाऱ्या पायांचे काय? केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी या अधिकाऱ्याच्या मोबदल्याचे दोन भाग केले. एक ठरावीक, साधारणपणे दरमहा २५ हजार रुपये. दुसरा, कामगिरीचे निकष पूर्ण झाले तर दरमहा १५ हजारांपर्यंत. राज्याराज्यांत तपशील वेगळे असले, तरी तत्त्व एकच. मिळकतीचा तिसरा हिस्सा आकड्यांच्या हवाली केलेला आहे. किती रुग्ण तपासले, किती नोंदी संगणकावर चढल्या, किती गरोदर स्त्रिया नोंदवल्या, किती जणांना दूरध्वनी-चित्रफितीवरून डॉक्टरांशी जोडून दिले, यांवर घरभाडे आणि मुलाची फी अवलंबून. पद मात्र कंत्राटी. जबाबदारीच्या वेळी ‘अधिकारी’ आणि हक्काच्या वेळी ‘कंत्राटी’, असे हे दुहेरी नामकरण आहे.

येथे गिरणीतील जुन्या तुकडा-दर पद्धतीची आठवण कोणाही कामगार कार्यकर्त्याला झाल्यावाचून राहणार नाही. फरक एवढाच, की गिरणीत तुकडा मोजला जाई तो कापडाचा. येथे मोजला जातो तो माणूस. कापड खोटे विणता येत नाही. रक्तदाबाचा आकडा मात्र खोटा लिहिता येतो. आकड्यावर पोट बांधले, की आकडा हेच उत्पादन बनते. मग यंत्र नादुरुस्त असले, साखर तपासण्याच्या पट्ट्या संपलेल्या असल्या, तरी रकाना भरला जाण्याचा धोका उभा राहतो. हा धोका कोणा एकीच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही. पद्धतीतच तो पेरलेला आहे आणि त्याचे पीक उद्या त्या ऊसतोड मजुराच्या घरात येणार आहे. म्हणून मोबदल्याची ही रीत बदलण्याची मागणी कर्मचाऱ्यांची आहे तितकीच ती रुग्णांचीही असली पाहिजे.

कुलपाच्या प्रकरणानंतर मी त्या बाईंची माफी मागण्यास गेलो. मराठवाड्यातून घरापासून चारशे किलोमीटरवर नेमणूक झालेली ही आयुर्वेद पदवीधर तरुणी. चार वर्षांचा मुलगा सासूबाईंजवळ. अकरा महिन्यांची नेमणूक, मग दोन दिवसांचा खंड, पुन्हा नवा करार, असे तिचे पाचवे वर्ष चालू होते. माझे बोलणे तिने शांतपणे ऐकून घेतले. राग तिने दाखवला नाही, आणि त्याचीच मला अधिक लाज वाटली. बोलता बोलता मी विचारले, “ताई, कामाखेरीज तुम्हाला कशाची आवड?” ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, “काका, इथं आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे आकडाच विचारतात.”

मग तिने टेबलाच्या खणातून एक शंभरपानी वही काढली. घरभेटीला गेल्यावर म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने त्यात उतरवून ठेवल्या होत्या. तिची आजी ओव्या म्हणत असे. तेथल्या आणि इथल्या ओव्यांत शब्द कसे बदलतात, याचे तिला मोठे कुतूहल. वहीची पहिली चाळीस पाने भरली होती, पुढची कोरी. “पहिल्या दोन वर्षांतलं आहे हे,” ती म्हणाली, “आता घरी गेले की बायका बोलायला लागतात आणि मी मोबाइलात माहिती भरत असते. रात्री जे राहिलं ते रेंज आली की चढवायचं.”

या वहीकडे छंद म्हणून पाहून पुढे जाणे सोपे आहे. परंतु त्या म्हाताऱ्या आपल्या छातीतील गाठ किंवा अंगावरचे जाणे तिला का सांगत होत्या? ती ओवी ऐकून घेत होती म्हणून. ज्या बाईने आयुष्यात परक्यापुढे तोंड उघडले नाही, ती आधी गाणे सांगते आणि मग दुखणे सांगते. संगणकाच्या कोणत्याही रकान्यात ओवीला जागा नाही. पण ओवी ऐकण्याची फुरसत गेली, तेव्हा त्या रकान्यांतला खरेपणाही गेला. कर्मचाऱ्याचे खाजगी जीवन, त्याची आवड, त्याची विश्रांती ही सेवेच्या वाट्यातून काढून घेतलेली चैन असते, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

आणि हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभारणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. ती सुटी कामगाराने केवळ झोपावे म्हणून मागितलेली नव्हती. आठवड्यातील एक दिवस माणूस म्हणून, देवाधर्मासाठी, लिहिण्यावाचण्यासाठी, समाजाच्या कामासाठी मिळावा, ही तिच्यामागची दृष्टी होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आरोग्याची सेविका रात्री अकराला मोबाइलची रेंज शोधत अंगणात उभी असेल, तर लोखंड्यांचा रविवार आपण तिच्यापर्यंत पोहोचवला नाही असेच म्हटले पाहिजे.

आत्मपरीक्षणाची आणखी एक बाब आहे. मानधनावर गावाचे आरोग्य चालवण्याची रीत आजच्या सत्ताधाऱ्यांनी शोधून काढलेली नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने सामुदायिक आरोग्य सेवक योजना सुरू केली. आरोग्यमंत्री होते राजनारायण, म्हणजे समाजवादी चळवळीतलेच. हजार वस्तीमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन. ‘लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती’ ही घोषणा खरोखरच स्फूर्तिदायक होती. पण पुढे सेवकांनी संघटित होऊन रास्त वेतन मागितले, तेव्हा सरकारी उत्तर काय मिळाले? १९८० मध्ये ‘सेवक’ शब्द जाऊन ‘स्वयंसेवक’ आला आणि १९८१ मध्ये ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’. वेतन मागू नये म्हणून नाव बदलले. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आणलेल्या ‘आशा’ही याच परंपरेतील स्वयंसेविका. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक सन्मान केला; तरी आझाद मैदानावर मोबदल्यासाठी बसण्याची पाळी त्यांच्यावर २०२४ च्या आरंभी आलीच.

२०२३ च्या अखेरीस आरोग्यवर्धिनी केंद्रांचे नाव बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ करण्याचा आदेश निघाला. पाट्या रंगवल्या गेल्या, त्यांची छायाचित्रे काढून संगणकावर चढवली गेली. नावावरून वाद घालण्यात आपण वेळ दवडू नये, तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मंदिरात भक्त जातो तो कृपा मागायला, आणि पुजारी असतो तो दक्षिणेवर. दवाखान्यात नागरिक जातो तो हक्काने, आणि तेथील कर्मचारी असतो तो वेतनावर. ‘आरोग्यवर्धिनी’ या शब्दात काम करणारीचा निदान भास तरी होता. नव्या नावात इमारत उरली, बाई नाहीशी झाली.

आपल्यातील काही साथींचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा, की ज्या गावात शेतमजुराला दिवसाला चारशे रुपये मिळताना मारामार, तेथे चाळीस हजारांपर्यंत मिळवू शकणाऱ्या ‘अधिकाऱ्या’साठी आपण का लढावे? आक्षेपात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. कंत्राटाची कुऱ्हाड जेव्हा पदवीधर अधिकाऱ्यावर चालते, तेव्हा खालच्या आशेवर, सफाई करणाऱ्या बाईवर आणि रुग्णवाहिकेच्या चालकावर ती अधिकच निर्धास्तपणे चालते. वरच्याला खाली ओढून खालचा वर येत नाही. तथापि या आक्षेपातून कर्मचाऱ्यांनीही बोध घ्यावा. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची एक संघटना, आरोग्यसेविकांची दुसरी, आशांची तिसरी, आणि एकीच्या संपात दुसरीने काम उचलावे, ही सध्याची स्थिती शासनाला फार सोयीची आहे. एकाच छपराखाली काम करणाऱ्यांनी एकत्र बसून मागण्यांचा एक मसुदा केला नाही, तर कोणाचीच मागणी पुरी होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कायम झाले की हे कर्मचारी काम करीत नाहीत, असा लोकांचा अनुभव आहे. तो सर्वस्वी खोटा नाही; उपकेंद्रात मुक्कामी न राहणारे कायम कर्मचारी आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु टांगती तलवार हा त्यावर उपाय आहे काय? कंत्राटी कर्मचारी भितो तो वरच्या साहेबाला. गावाला भिण्याचे त्याला काहीच कारण नसते, कारण नूतनीकरणाची सही गाव करीत नाही. भीतीमुळे तो बैठकीला वेळेवर जातो आणि केंद्र बंद राहते. आमच्या कुलपाच्या दिवशी नेमके हेच घडले होते. कायम नोकरी आणि गावाला उत्तरदायित्व, या दोन मागण्या एकदमच केल्या पाहिजेत. एक सोडून दुसरी केली, तर ती फसते.

उत्तरदायित्वाचे साधन कागदावर तयार आहे. प्रत्येक उपकेंद्रासाठी जन आरोग्य समिती नेमावयाची आहे. सरपंच तिचे अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य-सचिव. केंद्राचा अबंधित निधी कसा खर्च झाला, औषधे कोणती संपली, पदे किती रिकामी, हे विचारण्याचा अधिकार या समितीला आहे. आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या गावातील समितीचे इतिवृत्त एकदा तरी वाचले आहे? मी वाचले नव्हते. वाचले असते, तर आरोग्यसेवकाचे पद रिकामे असल्याची नोंद तेथे सापडली असती आणि आमचे कुलूप योग्य दारावर लागले असते.

न्यायालयाचे दारही अगदीच बंद नाही. २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरकारे कंत्राटी कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे परतवीत आली. परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी, दीर्घकाळ हंगामी ठेवलेल्या काही कामगारांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा असा ढालीसारखा वापर करण्यावर कठोर टीका केली आणि त्या कामगारांना नियमित करण्यास सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने कंत्राट संपले तरी प्रसूतीचा लाभ बुडत नाही, असे स्पष्ट केले. ते प्रकरण एका कंत्राटी डॉक्टर स्त्रीचेच होते. हे निकाल तालुक्याच्या कार्यालयापर्यंत आपोआप चालत जाणार नाहीत. ते मराठीत करून प्रत्येक केंद्रात पोहोचवणे, हे आपले काम आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातील दोन-तृतीयांश वा अधिक वाटा प्राथमिक आरोग्यासाठी ठेवण्याचे वचन दिले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे साथीने देश होरपळून निघाल्यानंतरही, तो खर्च १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भार लोकांच्या खिशावर. पैसा नाही म्हणून पदे कंत्राटी, हे म्हणणे टिकत नाही. वचन मोडले म्हणून पदे कंत्राटी आहेत.

तेव्हा तालुका पातळीवर आपण पुढील गोष्टींचा आग्रह धरावा, अशी सूचना आहे. मोबदल्याचे दोन तुकडे मोडून एकच निश्चित वेतन द्यावे. नोंदी भरण्यासाठी प्रत्येक केंद्राला स्वतंत्र माणूस द्यावा, किंवा नोंदींची संख्या कमी करावी. बाह्यरुग्ण तपासणीच्या वेळेत कोणालाही बैठकीस बोलावू नये. साप्ताहिक सुटीच्या दिवशी माहिती मागवू नये. रिक्त पदे भरावीत आणि कंत्राटी सेवेचा काळ मोजून नियमितीकरण करावे. आणि या प्रत्येक मागणीच्या निवेदनावर कर्मचाऱ्यांच्या सह्यांशेजारी गावकऱ्यांच्या सह्या असाव्यात. ज्या निवेदनावर त्या पावसात भिजलेल्या आईचा अंगठा आहे, ते केराच्या टोपलीत टाकणे साहेबाला जड जाईल.

आमच्या गावाने सुरुवात केली आहे. जन आरोग्य समितीच्या मागील बैठकीस आम्ही सातजण गेलो. ती आईही आली होती. ती आणि त्या बाई एकमेकींसमोर बसल्या. प्रथम दोघीही अवघडल्या. मग आईने विचारले, “त्या दिवशी तुमचा पगार कापला म्हणं?” बाईंनी होकार दिला. आई म्हणाली, “मग आमचं भांडण तुमच्याशी नव्हतंच की.” जे समजायला आम्हा कार्यकर्त्यांना दोन दिवस आणि एक नोटीस लागली, ते तिला एका वाक्यात समजले. आरोग्यसेवकाचे पद भरण्याची मागणी करणारा ठराव त्या दिवशी एकमताने झाला. पद अद्याप भरलेले नाही. पुढची बैठक महिनाअखेर आहे, आणि आम्ही जाणार आहोत.